आईचा भिंतीवरचा फोटो

कळंबा, कोल्हापूर
रविवार, १२ मार्च २००६

चि. बुद्धभूषण यास,

आक्काताईचा सप्रेम जय भीम आणि पोटभर आशीर्वाद. सौ. साक्षीला जय भीम सांग आणि चि. संघर्षच्या गालाचा माझ्या वतीनं एक चिमटा घे (हळू घे, तुझा हात जड आहे).

इकडे आम्ही दोघी ठीक आहोत. आईचा गुडघा उतरताना दुखतो, चढताना दुखत नाही, म्हणून ती गच्चीवर जाते आणि मग तिथून मला हाका मारते. तुमची खुशाली फोनवर कळते, पण तिला मी खुशाली म्हणत नाही. दर रविवारी तू ‘बरं आहे, बरं आहे, आईला दे’ म्हणतोस, मी आईला देते, ती ‘जेवलास का’ विचारते, तू ‘जेवलो’ म्हणतोस, आणि मग भोपाळला तू आणि कळंब्यात ती, दोघंही रिसीव्हर कानाला लावून गप्प बसता. टेलिफोन खात्याचं भलं होतं, आपलं काही होत नाही. म्हणून हे पत्र. सावकाश वाच, बँकेत वाचू नकोस.

तुझा कॅमेरा मिळाला. तुझे ते बँकेतले मित्र घरी येऊन देऊन गेले, चहा घेतला आणि जाताना म्हणाले, एकदम सोपा आहे काकू, लहान मूलसुद्धा काढेल. सदतीस वर्षं शाळेत काढल्यावर मला एवढं नक्की कळलंय, की लहान मुलाला जे सहज जमतं ते निवृत्त माणसाला सगळ्यात उशिरा जमतं. सोबतच्या पुस्तकात बारा भाषा आहेत. अकरा मला येत नाहीत, आणि बारावी जी इंग्रजी, तीत मला पहिल्या वाचनात एकच वाक्य नीट समजलं: कॅमेरा पाण्यात बुडवू नये. तो मी अजून बुडवलेला नाही. मोह दोन-तीनदा झाला.

तू लिहिलं होतंस, आईचे फोटो काढून ई-मेलनं पाठव. तुझ्या पाठवण्याचं पुढं बघू, कारण मधल्या काळात आईनंच मला फोटोचं दुसरं काम लावलं आहे आणि दोन महिने मी त्यातच आहे. झालं असं की जानेवारीत आपल्या चिमणाबाई गेल्या. (तीन घरं सोडून राहायच्या त्या. तुझी पतंग त्यांच्या पत्र्यावर पडली की परत द्यायच्या नाहीत.) पोरांनी फोटो शोधला तर घरात त्यांचा एकही फोटो नाही. शेवटी मतदानाच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. पुण्यानुमोदनाला आम्ही सगळे त्याच्यासमोर बसलो. डोळे वटारलेले, केस विस्कटलेले, बाजूला कुणाच्या तरी शर्टाची बाही, आणि आमच्याकडे अशा बघत होत्या जणू आम्हीच त्यांचं नाव यादीतून गाळलंय. एवढी बडबडी बाई, हसली की गल्लीला ऐकू जायचं, आणि तिच्या नातवंडांना आता जन्मभर हे तोंड बघायचं. घरी आल्यावर दारात चप्पल काढता काढता आई म्हणाली, “आक्का, माझा फोटो काढून ठेव. भिंतीवर लावायचा. मी हाय तवरच. असला नगं मला.”

भिंतीवरचा म्हणजे बाबांच्या शेजारचा. तिथं तिनं जागा आधीच ठरवून ठेवली आहे, खिळासुद्धा मारून घेतला आहे, आणि सध्या त्या खिळ्याला कॅलेंडर आहे. बाबांचा फोटो तुला ठाऊकच आहे, तरी पुन्हा सांगते, कारण पुढं त्याचं काम आहे. बाबा कॅमेरा दिसला की उठून जायचे. जॉबर माणूस, यंत्रमाग दुरुस्त करणारा; बिघडलेला माग दिसला की सगळ्यांच्या पुढं आणि कॅमेरा दिसला की सगळ्यांच्या मागं. जन्मात एकदाच सापडले, एकोणसत्तर साली इचलकरंजीत जयंती कमिटीचा फोटो निघाला तेव्हा. सेक्रेटरी असल्यामुळं पळता आलं नाही. तू सहा वर्षांचा आणि कमिटीत नसलेला, पण ‘मीबी, मीबी’ म्हणून असं भोकाड पसरलंस की फोटोवाल्यानं तुला बाबांच्या खुर्चीमागं स्टुलावर उभं केलं आणि पडू नयेस म्हणून बाबांचा खांदा धरायला लावला. बाबा गेले तेव्हा त्यातूनच त्यांना कापून मोठं केलं. कमिटी कापली गेली, तू कापला गेलास, स्टूल गेलं, बाबांच्या डाव्या खांद्यावर तुझी चार बोटं तेवढी राहिली. गेली अठरा वर्षं घरात येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, ही बोटं कुणाची? आणि आई दरवेळी पहिल्यांदाच कुणीतरी विचारल्यासारखं सांगते, “आमच्या भूषणची.” (त्या दिवशी बावीस वर्षांची मी, नवी मास्तरीण, तुझ्या चपला हातात धरून कॅमेऱ्याच्या बाजूला उभी होते. चपलाही फोटोत आल्या नाहीत आणि मीही नाही. असो.)

आईचे जुने फोटो का नाही वापरत, असं तू विचारशील. तुझ्या लग्नाच्या अल्बममध्ये आई अकरा फोटोंत आहे, आणि अकराही ठिकाणी पाठमोरी, पंगतीत वाढताना. माझ्या लग्नाचा अल्बम नाही, कारण लग्नच नाही. स्टुडिओत जायला ती तयार नाही. तिथं म्हणे हनुवटीला धरून मान फिरवतात, आणि एकोणऐंशीव्या वर्षी आपल्या हनुवटीला परक्या माणसानं हात लावावा हे तिला पसंत नाही. म्हणजे राहिले कोण, तर तुझा कॅमेरा आणि मी.

पहिल्या दिवशी अठरा फोटो काढले. त्यातल्या सातांत माझं बोट आहे. (बोटांचं आपल्या घराण्याशी काय आहे कळत नाही.) उरलेल्यांपैकी पाच रिकाम्या खुर्चीचे. या कॅमेऱ्याची खोड अशी की बटण दाबल्यावर तो लगेच फोटो काढत नाही. आधी टुक करतो, मग विचार करतो, मग त्याला पटलं तर काढतो. आई टुक ऐकते, “झालं न्हवं?” म्हणते आणि उठते. त्यामुळं आपल्या लाकडी खुर्चीचे इतके सुरेख फोटो माझ्याकडे आहेत की विकायची म्हटली तर गिऱ्हाईक घरी येईल. एका फोटोत खुर्ची आणि पदराचं टोक आहे. फ्लॅश लावला तर ती डोळे मिटते, आणि न मिटले तर ते लाल येतात. मग भरपूर उजेड हवा म्हणून तिला भर दुपारी दाराच्या उंबऱ्यात बसवलं, बाहेरचं ऊन तिच्या पाठीमागं. दार झकास आलं, अंगणातला कडीपत्ता पानन् पान आला, आणि मधोमध आई म्हणून एक काळी सावली आली. ती बघून म्हणाली, चिमणाबाई बऱ्या. त्यानंतर एकदा कॅमेऱ्यावरचं फुलाचं चित्र असलेलं बटण माझ्याकडून दाबलं गेलं आणि चार दिवस जे काढावं ते धुरकट. मला वाटलं, मोतीबिंदू. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तास बसून तपासून आले. डोळे उत्तम आहेत, नंबरसुद्धा तोच आहे. ते फुलाचं बटण म्हणे फुलांसाठीच असतं, माणसाच्या तोंडासाठी नसतं. हे पुस्तकात पान बावीसवर आहे, ते मी डॉक्टरांकडून आल्यावर वाचलं.

शेवटी एक फोटो बरा आला. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, बोट नाही. आई जनगणनेवाल्यासमोर बसल्यासारखी ताठ होती, पण ओळखू येत होती. मी लगेच कार्ड घेऊन शिवाजी पेठेत गेले. तिथं केरबा म्हणून आहेत, साठीच्या पुढचे, त्यांचं फोटोचं आणि फ्रेमचं दुकान आहे. मी सांगितलं, आईचा फोटो आहे, भिंतीवर लावायचा आहे, चांगली फ्रेम करा. त्यांनी मशीनवर फोटो बघितला, कोपऱ्यात काहीतरी बघितलं, माझ्याकडे बघितलं (मी उन्हातून आलेली, पदरानं डोळे टिपत होते), आणि मला बसायला स्टूल देऊन चहा मागवला. फ्रेमवाला न मागता चहा पाजतो तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. संध्याकाळी फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. मी बसनं घरी आले, आईच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, तूच उघड.

तिनं उघडली. फोटोला चंदनाचा हार घातलेला. आणि खालच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख: १-१-२००४. त्याचं असं आहे भूषण, की या कॅमेऱ्यातले सेल काढले की त्याची स्मरणशक्ती जाते आणि तो पुन्हा एक जानेवारी दोन हजार चारपासून आयुष्य सुरू करतो, आणि ती तारीख प्रत्येक फोटोवर छापतो. मी ती पाहिली होती, पण मला वाटलं कॅमेरा कधी बनला ते लिहिलंय. आता आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा फोटो, भिंतीवर लावायचा, आणि खाली तारीख, याचा अर्थ केरबांनी काय घ्यावा? जो घ्यायचा तोच घेतला. आईनं फोटो हातभर लांब धरला, तारीख एकेक आकडा करत वाचली, आणि म्हणाली, “म्हंजे मला जाऊन दोन वर्सं झाली व्हय? आन् मी आजून तांदूळ निवडतोय.” मग हार नाकाशी नेऊन वास घेतला आणि चंदन खरं आहे असा निकाल दिला. तो तिनं काढून कपाटात लुगड्यांच्या घडीत ठेवला आहे. कसर लागत नाही म्हणते.

एवढ्यावर भागलं असतं तर मी तुला कळवलंही नसतं. पण बसमध्ये ते वर्तमानपत्र एका बाजूनं फाटलं होतं आणि हाराचं टोक बाहेर लोंबत होतं, आणि मागच्या सीटवर आपल्या गल्लीतलं कुणीतरी होतं. दिवे लागायच्या सुमारास दार वाजलं. आईनंच उघडलं. दारात मागच्या गल्लीतल्या शालूबाई, डोक्यावरून पदर, हातात झाकलेलं पिठलं आणि भाकरी. अशा घरी चूल पेटत नाही म्हणून आणलेलं. बाईच्या हातातलं भांडं पडलं नाही हे विशेष, त्या स्वतः मात्र पायरीवर बसल्या. आईनं भांडं घेतलं, झाकण उचलून बघितलं आणि विचारलं, “लसूण घातलाईस न्हवं?” मग त्यांना आत घेऊन पाणी दिलं, तिघींनी मिळून ते पिठलं खाल्लं, आणि आई शालूबाईंना म्हणाली, चांगलं झालंय, खरंखुरं जाईन तवा असंच आन. रिकामं भांडं परत द्यायचं नाही म्हणून त्यात शेंगदाण्याची चटणी भरून दिली. आई गेल्याचं पिठलं आईबरोबर बसून खाल्लेली या जिल्ह्यात मी एकटीच असेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेठेत गेले. सातवीच्या तुकडीवर वापरायचे तो आवाज निवृत्तीनंतर पहिल्यांदा बाहेर काढला. समोरच्या तालमीतली पोरं बाहेर येऊन उभी राहिली. केरबांनी सगळं ऐकून घेतलं, काउंटरच्या बाहेर आले, दोन्ही कान पकडले आणि म्हणाले, “बाई, चूक माझी. तुमच्या आईला शंभर वर्सं आयुष्य हाय आता. पर फोटो तुमीच वाईट काढलाय, त्येला मी काय करू? जिवंत मानूस असा बसतोय व्हय?” भांडणात समोरचा खरं बोलला की माझी पंचाईत होते. ते म्हणाले, कॅमेरा आना उद्या, शिकवतो. आणि खरंच, तीन सकाळी त्यांनी मला शिकवलं. मी वही घेऊन गेले होते.

केरबांनी चाळीस वर्षं फोटो काढले आहेत. पूर्वी रिळात छत्तीस फोटो असायचे, माणूस विचार करून दाबायचा. आता तुम्ही शेंगा फोडल्यागत बटण दाबताय, असं त्यांचं दुःख आहे. (दुकानामागची फोटो धुवायची काळोखी खोली आहे तशी आहे, तिथं आता फ्रेमच्या काठ्या ठेवतात. ती दाखवून झाल्यावर त्यांनी दार हळूच ओढून घेतलं.) तर त्यांनी पहिल्यांदा तो फ्लॅश बंद करायला लावला. म्हणाले, सकाळी नऊच्या सुमाराला दारा-खिडकीशी बसवा, पण उजेड पाठीमागून नको, एका गालावर पडू दे. तुम्ही उभ्या राहून वरून काढू नका, त्यांच्यासमोर खाली बसा, डोळ्याला डोळा येऊ दे. जवळ जा. लांबून काढून मशीनमध्ये जवळ ओढू नका, तोंडाचा रवा होतो. कोपरं फासळ्यांना चिकटवून धरा म्हणजे हात हलणार नाही. बटण आधी अर्धं दाबून ठेवा, त्याचा काय तो विचार त्याला करू दे, आणि मग वाट बघा. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. मी वाट बघणारी बाई नाही, हे तुला माहीत आहे. आणि तिसऱ्या सकाळी ते म्हणाले, “बाई, तुमी जन्मभर पोरांस्नी गप बसा म्हटलं. आईलाबी तसंच बसवताय. त्यास्नी बोलू द्या की.” माझ्या नोकरीवर आजवर एवढी टीका कुठल्या साहेबानं केली नव्हती.

त्यातच आणखी एक घडलं. बाबांच्या फोटोच्या काचेला आतून डाग पडले होते, म्हणून तो मी केरबांकडे नेला होता. त्यांनी तो कॉम्प्युटरवर घेतला आणि म्हणाले, ही बोटं आता दोन मिनिटांत काढून टाकता येतात, कुणाला कळणारसुद्धा नाही. खरं सांगते, मला आनंद झाला. अठरा वर्षं त्या बोटांची चौकशी ऐकून मी कंटाळले होते. बोटं काढलेली एक प्रत करून आईला दाखवायला नेली. खांदा स्वच्छ, कोटाची शिवणसुद्धा त्यांनी पुढं ओढून नीट केलेली. आईनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “ह्यो एकटा मानूस कोन?” मी म्हटलं, बाबा. म्हणाली, “न्हवं. ह्येला कुनी न्हाई. तुझ्या बाबाला मानसं हुती.” आणि मला पुढच्या बसनं परत पाठवलं. बोटं जशीच्या तशी आहेत, काच तेवढी नवी आहे.

मग मी शिकलेलं करायला घेतलं. सकाळी नऊ, मागचं दार, उजेड डाव्या गालावर, आईच्या पुढ्यात शेंगांचं सूप, मी समोर पाटावर, कोपरं फासळ्यांना. आणि विचारलं, तो मालक बाबांना शिफ्टमधून काढणार होता तेव्हा काय झालं होतं गं? आई सुरू झाली. तुला माहीत आहे ती गोष्ट ती कशी सांगते, बंद पडलेले सोळा माग, बाबा पारावर तंबाखू मळत बसलेले, आणि मालक स्वतः बोलवायला आलेला. ‘आला की नाही!’ म्हणताना तिनं मान वर केली आणि मी अर्धं दाबलेलं बटण पूर्ण दाबलं. भूषण, त्या एवढ्याशा पडद्यावर तो फोटो बघून माझे डोळे भरून आले. रोज मी तिच्याबरोबर राहते, तिचं औषध, तिचं पाणी, तिचा गुडघा सगळं बघते, आणि तिचा चेहरा किती दिवसांत नीट बघितलाच नव्हता. देखणी आहे रे आपली आई.

आता इथून माझी खरी तक्रार सुरू होते. तो फोटो आईनं बघितला, चांगला हाय म्हणाली, आणि भिंतीवरचा म्हणून नको म्हणाली. कारण, कपाळ मोठं दिसतंय. दुसरा काढला. त्यात लुगडं जुनं. पांढरं नवं नेसवून तिसरा काढला. त्यात ती हसते आहे, आणि मेल्यावर माणसं हसतात का, हा तिचा प्रश्न. चौथ्यात हसली नाही, तर रुसल्यासारखी दिसते. पाचवा तर केरबांनी दुकानात लावायला मागितला, इतका चांगला आहे. तो तिनं नाकासमोर धरला, दूर धरला, बाबांच्या शेजारी त्या खिळ्याखाली भिंतीला टेकवून बघितला, आणि काढून माझ्या हातात दिला. कारणही सांगितलं नाही. मी चिडले. भीक नको पण कुत्रं आवर, असं मी आईला उद्देशून म्हटलं, ते म्हणायला नको होतं. दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही, घरात कुकरच तेवढा बोलत होता.

मी एवढी मागं का लागले आहे ते तुला सांगायला हवं. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी तिच्या छातीची पट्टी (ई.सी.जी.) काढली. घाबरण्यासारखं काही नाही, गोळी वाढवली आहे आणि मीठ कमी केलं आहे. पण दवाखान्यातून येताना रिक्षात तिनं पुन्हा फोटोचं विचारलं. मला घाई नाही रे, घाई तिला आहे. तिला हवा तसा फोटो ती असताना व्हावा, तिनं तो बघावा आणि बरा आहे म्हणावं, एवढंच मला पाहिजे आहे.

तर सोबत तीन प्रती पाठवते आहे, हसरी, रुसलेली आणि केरबांनी मागितलेली. यातली एक तू निवड आणि येत्या रविवारी फोनवर, ‘जेवलास का’च्या नंतर जी शांतता असते तिच्यात, आईला ठामपणे सांग की हाच फोटो लावायचा. माझं ती ऐकत नाही. तुझं ऐकेल, कारण तू लांब आहेस. लांबच्याचं घरात जास्त चालतं हा जुनाच न्याय आहे.

पत्र फार लांबलं. शाळेत असते आणि कुणी एवढा निबंध लिहिला असता तर मी अर्ध्यावर लाल रेघ मारली असती. तू मात्र शेवटपर्यंत वाच. तुझ्यावर जीव असलेली आणि राग धरता न येणारी,

तुझी,
आक्का

ता. क. - कॅमेऱ्याला सेल फार लागतात. दहा फोटोंत दम टाकतो. चार्जिंगचे सेल असतात म्हणे, ते पाठव. तारीख कशी बंद करायची ते मला आता सापडलं आहे, पान एकतीस.

ता. क. २ - पाकीट चिकटवण्याआधी पत्र आईला वाचून दाखवलं (ती कुठलंही पत्र न ऐकता टाकू देत नाही). पिठल्यापाशी पोट धरून हसली. देखणी आहे म्हटलंय तिथं, पुढं वाच म्हणाली. तीन प्रतींपाशी आल्यावर म्हणाली, पाठव, पर निवडून उपेग न्हाई. मी विचारलं, आता तरी सांग, काय कमी आहे त्यात? तिनं भिंतीकडे बोट केलं. “तुझ्या बाबाच्या खांद्यावर हात हाय. शेजारी मला लावलं तर मी एकटीच दिसनार की.” मला एवढं साधं दोन महिने कळलं नाही. मी लगेच म्हटलं, मग माझा हात ठेवते, दहा सेकंदांनी आपोआप फोटो निघायची सोय आहे यात, पान चाळीस. तर म्हणाली, “तुझा हात रोजच हाय गं. त्यो फोटोत कशाला?” मी स्वयंपाकघरात जाऊन दोन कांदे चिरले. भाजीला कांदा लागत नव्हता.

म्हणजे निवडायचं वगैरे राहू दे. तू ये. तीन वर्षं झाली येऊन, आणि तेव्हाही दीड दिवस होतास. चौदा एप्रिलला शुक्रवार आहे, पुढं शनिवार, रविवार. साहेबांनी विचारलं तर सांग की आईचा फोटो काढायचा आहे आणि माझ्याशिवाय निघत नाही. पडू नये म्हणून तेव्हा तू धरलं होतंस. आता तिला धरायला ये.

ता. क. ३ - केरबांना विचारून आले. त्यांचा हिशोब असा: बाबांच्या डाव्या खांद्यावर हात आहे, तर आईच्या उजव्या खांद्यावर ठेवायचा, म्हणजे दोन्ही फोटो शेजारी लागल्यावर बोटं बरोबर आतल्या बाजूला येतील आणि तू दोघांच्या मधोमध उभा असल्यासारखा दिसशील. नंतर ते तुला कापून टाकतील, चार बोटं ठेवतील. आईनं या एका फोटोवर तारीख मात्र छापायला सांगितली आहे. लोकांना काय समजायचं ते समजू दे, भूषण कधी आलता तेवढं कळंल, असं तिचं म्हणणं आहे. स्टूल लागणार नाही, त्रेचाळीस वर्षांचा झालास. घड्याळ आणि अंगठी काढून ठेव. बाकीचा तू फोटोत राहणारच नाहीस, तेव्हा कपडे कुठलेही चालतील. नखं तेवढी कापून ये.